लेबल थांबायची वेळ

कंप्युटर अडला की आपण काय करतो? आधी त्याला शिव्या घालतो, मग माऊस आपटतो, मग मुलीला हाक मारतो. ताई यातलं काहीच करत नसे. ती खोलीत यायची, चपला दाराशी काढायची आणि कंप्युटरच्या डब्याच्या कुशीवर तळहात ठेवायची. पोराला ताप आहे का बघतात, तसा. जरा वेळ तशीच उभी राहायची. मग म्हणायची, "काय नाय. दमलाय."

मी भेंडीच्या पॅकहाउसात डिस्पॅच सांभाळतो. माझ्या बायकोच्या मते याचा अर्थ संध्याकाळी गाडी निघाली की तिच्याकडे बघून हात हलवणं, एवढाच आहे. तिचं फारसं चुकत नाही. पण हात हलवण्याआधी डबे मोजावे लागतात, कागद लावावे लागतात आणि दिवसभर "गाडी निघेल ना?" या शेठच्या प्रश्नाला "निघेल ना!" असं उत्तर द्यावं लागतं. या वयात तेवढ्यानेही माणूस थकतो.

पॅकहाउस म्हणजे मुरबाडहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेली हिरव्या पत्र्याची शेड. सकाळी आजूबाजूच्या गावांतून भेंडीचे क्रेट येतात. बायका लांब टेबलांपाशी उभ्या राहून भेंडी निवडतात. वाकडी बाजूला, जून बाजूला, डाग पडलेली बाजूला. उरलेली सरळ, कोवळी भेंडी डब्यात भरायची, डबा पट्ट्यावर ठेवायचा, पट्टा तो काट्यापर्यंत नेतो. तिथे वजन झालं की प्रिंटरमधून लेबल निघतं. कुणाच्या शेतातली, कधी तोडलेली, सगळं त्यावर. लेबल लागलं की डबा कोल्ड रूममध्ये आणि तिथून संध्याकाळच्या गाडीने मुंबईच्या विमानतळावर. लेबल नसेल तर डबा बेवारस. विमान त्याला घेत नाही.

म्हणजे तुमच्या लक्षात आलं असेल. शेतकरी घाम गाळतात, बायका पायांचे खांब करतात, शेठ रक्तदाबाच्या गोळ्या घेतो, आणि सगळं येऊन अडकतं एका लेबलावर. ते लेबल छापणारा प्रोग्राम ताईच्या ताब्यात होता.

ती किन्हवलीच्या पुढच्या एका गावातून यायची. सकाळच्या एसटीने, आणि एसटी चुकली तर जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी अर्धीच टेकून. शहापूरला कुठल्याशा क्लासमध्ये कंप्युटर शिकली, मग दोनचार ठिकाणी नोकऱ्या करून इथे आली. लग्न केलं नव्हतं. घरी आई. तिच्याहून मी चांगला दहा वर्षांनी मोठा, पण मीही तिला ताईच म्हणायचो, शेठही ताईच म्हणायचा. फक्त टेबलावरच्या बायका तिला "बाय" म्हणायच्या.

वर्षात एकच दिवस ती फोन उचलत नसे, चौदा एप्रिलला. आदल्या दिवशी शेठच्या दारात उभी राहून सांगायची, "उद्या मी नाय. काय जळलं तर पाणी टाका." बाकी सगळे दिवस, रविवार धरून, ती फोनवर असायची. कोल्ड रूमचा आकडा वर गेला, ताईला फोन. काटा चुकीचं वजन दाखवतोय, ताईला फोन. एकदा शेठने घरचा टीव्ही लागत नाही म्हणूनही केला होता. ती सगळ्यांना एकाच आवाजात उत्तर द्यायची. मागे जीपचा हॉर्न, कोंबडीचं ओरडणं, कुणाच्या तरी हळदीतला बँजो. "आधी वायर बघा. बघितली? नीट बघा."

तर तो लेबलाचा प्रोग्राम. ठाण्याच्या एका लहानशा कंपनीने तो करून दिला होता. सकाळी तो तरणाताठा असायचा. डबा काट्यावर टेकतो न टेकतो तोच लेबल बाहेर. दिवस चढत जाई तसा तो जड व्हायचा, आणि जेवणाच्या सुमाराला, माझ्यासारखाच, डोळे मिटायचा. मग ताईने येऊन त्याला बंद करायचं, परत चालू करायचं.

"होतं काय पण त्याला?" मी एकदा विचारलं.

"छापलेलं प्रत्येक लेबल डोक्यात धरून बसतो. सोडत नाय. डोकं भरलं की चक्कर येते."

"मग परत चालू केल्यावर?"

"विसरतो ना सगळं. ताजा होतो." जरा थांबून ती म्हणाली, "बरं असतं त्याचं."

सारखं उठून खोलीत जायचा तिला कंटाळा आला, तेव्हा तिने मुकादम बसवला. हा शब्द तिचाच. कंप्युटरात म्हणे आधीपासूनच एक प्रोग्राम असतो, बाकीच्या प्रोग्रामांवर नजर ठेवणारा. कुणी कधी उठायचं, कुणी पडलं तर काय करायचं, हे त्याला आधी सांगून ठेवायचं. त्याला सर्व्हिस मॅनेजर म्हणतात, असं तिने सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे मोटारसायकलच्या शोरूममधला टाय लावलेला माणूस उभा राहिला. तसं मी बोललोही. तिने कपाळाला हात लावला. "मुकादम म्हणा. वीटभट्टीवर असतो तसा."

पहिल्यांदा तिने मुकादमाला एवढंच सांगितलं होतं की लेबलवाला पडला की त्याला लगेच उठव. दोन आठवडे मजेत गेले. प्रोग्राम पडायचा, मुकादम त्याला उठवायचा, आमच्यापैकी कुणाला कळायचंही नाही. मग एका सकाळी उंदराने काट्याची वायर कुरतडली.

झालं असं की प्रोग्राम उठल्याबरोबर काटा शोधायचा. काटा सापडेना, म्हणून पडायचा. मुकादम त्याला उठवायचा. तो परत काटा शोधायचा, परत पडायचा. आणि दर वेळी उठताना प्रिंटर चालतोय ना हे बघायला एक कोरं लेबल सोडायचा. आम्ही सगळे बाहेर क्रेट उतरवत होतो. आत आलो तर प्रिंटरच्या तोंडातून लेबलांची पट्टी निघतेय, जमिनीवर तिची वेटोळी झालीयत आणि टोक कोल्ड रूमच्या दाराखालून आत गेलंय. बायकांना वाटलं साप. मलाही वाटलं, पण मी पुरुष असल्यामुळे क्रेटवर जरा उशिरा चढलो.

ताई आली. तिने हाताने प्रोग्राम थांबवला, वायर शोधली, जोडली. मग ती सगळी पट्टी आम्ही दोघांनी गुंडाळली. गुंडाळताना ती कुणाशीच बोलत नसल्यासारखी म्हणाली, "चूक माझी. सारखं पडतंय त्याला सारखं उठवायचं नसतं. छळ होतो."

त्या दिवसापासून मुकादमाला नवीन हुकूम. थोड्या वेळात चारपाचदा पडला, तर उठवू नको. माणसाला हाक मार. हाक मारायला तिने मुरबाडच्या बाजारातून गणपतीच्या मखरात लावतात तसला एक लाल दिवा आणून दारावर लावला. तो लागला की समजायचं, मुकादमाने हात टेकले.

पुढचा हुकूम तिने स्वतःच काढला. पडायची वाट तरी कशाला बघायची? अमुक तास सलग काम झालं की मुकादमाने लेबलवाल्याला आपण होऊन थांबवायचं आणि परत उठवायचं. डोकं भरायच्या आतच रिकामं. सकाळ आणि जेवण यांच्या बरोब्बर मध्ये एकदा, आणि जेवण आणि गाडी यांच्या मध्ये एकदा.

आता यात बायका कशा आल्या ते ऐका.

टेबलावर सगळ्यात मोठी काकू. ती आणि तिच्या पाड्यावरच्या चारपाच जणी सिद्धगडाच्या बाजूने पिकअपमध्ये यायच्या. काकूचं वय तिलाच ठाऊक नव्हतं. गुडघे कामातून गेलेले, पण भेंडीवर बोट फिरवून ती आत कीड आहे की नाही ते सांगायची, त्यामुळे शेठ तिला सोडत नसे. जेवणाची सुट्टी होती. मधे बसायची पद्धत नव्हती. नियम असा कुठे लिहिलेला नव्हता, पण पट्टा चालू असताना बसणार कसं? पट्टा ओढतो.

ज्या दिवशी मुकादमाने पहिल्यांदा आपण होऊन लेबल थांबवलं, त्या दिवशी काट्यापाशी डबे साठले, काट्यावरच्या माणसाने पट्टा बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं. काकूने कंप्युटरच्या खोलीच्या काचेतून ताईकडे बघितलं.

"काय झाला गो बाय?"

"काय नाय काकू. जरा थांबलाय. उठेल आता."

"किती टाइम?"

"दोनचार मिनिटं."

काकूने रिकामा क्रेट पालथा घातला आणि ती बसली. बसताना तिच्या गुडघ्यांचा आवाज मला डिस्पॅचच्या टेबलापर्यंत आला. बाकीच्या जणींनी तिच्याकडे बघितलं, मग एकेक क्रेट पालथा झाला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडाभरात रोजची पद्धत पडली. वेळ जवळ आली की बायका आधीच क्रेट पायाने जवळ ओढून ठेवायच्या. "लेबल थांबलं" असं काट्यावरचा माणूस ओरडला की हातमोजे निघायचे. भेंडीची कुसं हातमोज्यातूनही टोचतात, त्यामुळे पहिल्यांदा सगळ्या जणी मनगटं खाजवायच्या. मग कुणी पाय लांब करायची, कुणी कंबर मागे टेकायची. मिसरी आत न्यायला बंदी होती, म्हणून काकू नुसती तिची आठवण काढायची. नवऱ्यांची उणीदुणी त्या दोनचार मिनिटांत बसत नसत, ती जेवणाच्या सुट्टीला राखून ठेवलेली असायची.

काकूने एकदा ताईला मुकादमाबद्दल खोदून विचारलं. ताईने सगळं नीट सांगितलं. "वेळ झाली की तो लगेच नाय ओढत, काकू. आधी सांगतो, आवर. हातातलं लेबल पूर्ण करायला वेळ देतो. तरी नाय ऐकलं, तर मग ओढतो."

"आधी सांगतो?"

"हो."

"आणि मंग दम खाल्ला की उठवतो?"

"हो."

"आणि लय पडाय लागला तर माणसाला हाक मारतो?"

"हो काकू."

काकूने शेजारणीकडे बघितलं. "ऐकलास गो? आमी भट्टीवर होतो तवा असला मुकादम कुठं होता? आमच्या मुकादमाला निस्ता उठव एवढाच यायचा."

सगळ्या हसल्या. ताईही हसली, पण लगेच तोंड फिरवून खोलीत गेली.

पुढे काही दिवसांनी मला वाटलं, थांबायची वेळ जरा लांबलीय. मी घड्याळ बघणारा माणूस नाही. बायकोने दिलेलं घड्याळ मनगटावर शोभेला असतं. पण पूर्वी माझा चहा अर्धा व्हायच्या आत लेबल सुरू व्हायचं, आता चहा संपून मी कप विसळून येत होतो. विचारलं, तर ताई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मुकादमाला सांगितलंय, थांबवल्यावर लगेच उठवू नको. दम खाऊ दे."

"कुणाला?"

तिने काचेपलीकडे बघितलं. काकूने डोळे मिटले होते. "त्यालाच," ती म्हणाली, आणि कीबोर्ड पुढे ओढला.

घरी मी हे सांगितलं. मी घरी सगळंच सांगतो, वाढवून सांगतो, त्यामुळे माझ्या मुलीला अर्धं पॅकहाउस पाठ आहे. बायको भांडी घासत होती. म्हणाली, "त्या ताईला म्हणावं, इथे पण एक मुकादम बसव. ह्यांना बोलायला वेळ बांधून दे." मुलगी म्हणाली, "आणि आईला?" बायको घासत राहिली. मुलीने उठून तिच्या हातातलं पातेलं घेतलं.

शेठ वाईट माणूस नव्हता. इथल्याच शेतकरी घरातला, स्वतः भेंडी काढलेला. पण भेंडी तोडल्यापासून काळी पडायला सुरुवात करते, आणि विमान कुणासाठी थांबत नाही. हे दुसरं वाक्य तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की काट्यावरचा माणूस त्याची नक्कल करायचा. लेबल थांबलं की शेठ केबिनमधून बाहेर यायचा, हात मागे बांधून टेबलांमधून फिरायचा, बसलेल्या बायकांकडे न बघता छताकडे बघायचा आणि परत जायचा. प्रोग्रामला गरज आहे म्हणून तो गप्प होता.

मग ठाण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला. बरा माणूस होता. आल्याबरोबर सगळ्यांना नमस्कार केला. काकूने त्याला "जावई" म्हणायला सुरुवात केली आणि तो लाजला. त्याने नवीन प्रोग्राम टाकला, दोन दिवस बसून बघितला. तिसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये ताई, मी आणि तो.

"छापलेली लेबलं धरून बसायचा, ते बंद केलंय," तो म्हणाला. "आता दिवसभर चालला तरी जड होत नाही. ती वेळेची लिमिट काढून टाकता येईल."

शेठचा चेहरा उजळला. "म्हणजे मध्ये थांबायची गरज नाही?"

"नाही. आणि मॅडम," तो ताईकडे वळला, खरंच कुतूहलाने, "थांबल्यावर परत सुरू व्हायला तुम्ही इतका वेळ का ठेवलाय? काही सेकंद पुरतात."

मला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. मी म्हणालो, "शेठ, प्रिंटर तापतो. त्याला पण जरा..."

शेठ उठला, बाहेर गेला, प्रिंटरवर हात ठेवून आला. प्रिंटर कोल्ड रूमच्या भिंतीला लागून आहे. "बर्फासारखा आहे," तो मला म्हणाला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

ताई म्हणाली, "वेळ बायकांसाठी ठेवलाय."

इंजिनिअरने पेनचं टोपण लावलं.

"ताई, हे मला आधी सांगायला पाहिजे होतं," शेठ म्हणाला.

"तुमी विचारलं नाय. विचारलं असतं तर सांगितलं असतं. प्रोग्राम सुधारला, चांगलं झालं. बायकांचे पाय नाय सुधारले."

"जेवणाची सुट्टी आहे ना त्यांना? आणि एकदा बसायची सवय लागली की उद्या दहा मिनिटं, परवा अर्धा तास. गाडी चुकली तर? शेतकऱ्यांना कोण तोंड देणार? तुम्ही? विमान थांबत नाही, ताई."

"आजपर्यंत गाडी चुकलीय का?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. तेवढं एक मला नीट सांगता आलं.

शेठने कपाळ चोळलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "लिमिट काढा," तो म्हणाला. "प्लीज."

तिने काढली. त्याच वेळी, आमच्यासमोर.

दुसऱ्या दिवशी वेळ झाली तशी काकूने क्रेट पायाने जवळ ओढला. प्रिंटर कटकटत राहिला. बायका काट्याकडे बघत होत्या, काट्यावरचा माणूस माझ्याकडे, आणि मी कागदांत. पट्टा चालत राहिला. थोड्या वेळाने काकूने क्रेट पायानेच परत टेबलाखाली ढकलला. संध्याकाळी पिकअपमध्ये चढताना तिचा पाय उचलेना. दोघी जणींनी तिला खालून वर सरकवलं. ती हसत होती, "गोणी समजून चढवता का गो," म्हणत होती. ताई एसटीसाठी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. तिने ते बघितलं.

त्याच्या पुढच्या दिवशी वेळ झाली, आणि प्रिंटर थांबला.

आम्ही सगळे चकित. मी लाल दिव्याकडे बघितलं, तो लागलेला नव्हता. काचेमागे ताई कीबोर्डपाशी उभी होती. काकू बसली. नेहमीइतका वेळ गेल्यावर ताईने वाकून एक बटण दाबलं आणि लेबल सुरू झालं. दुपारीही तसंच. मी खोलीत जाऊन विचारलं, "लिमिट परत घातलीत?"

"नाय. शेठने काढायला सांगितली, काढली. मी हाताने थांबवतेय."

"मग मुकादम लगेच उठवत कसा नाही?"

"हाताने थांबवलेलं तो उठवत नाय. आपण होऊन पडला किंवा वेळ संपली, तर उठवतो. माणसाने थांबवलं तर त्याला वाटतं, माणसाने विचार करून थांबवलं असेल."

हे ती रोज करायला लागली. लपूनछपून काही नाही. वेळ झाली की कामातून उठायची, थांबवायची, उभी राहायची, सुरू करायची. चौथ्या दिवशी शेठ खोलीच्या दारात आला. चपला काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"हे काय आहे, ताई?"

"थांबवते."

"कुणाला विचारून?"

"तुमाला विचारलं तर तुमी नाय म्हणाल. आणि तुमचंही बरोबर आहे. गाडीची काळजी तुमाला आहे. पण मला तिकडे बघवत नाय, शेठ. मी काचेसमोर बसते. तुमच्या केबिनला काच नाय."

शेठने खाली आपल्या चपलांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "उद्यापासून हात लावायचा नाही."

"मग उद्यापासून मी येत नाय."

"रागावून बोलू नका."

"राग नाय आला," ती म्हणाली, आणि खरंच तिच्या आवाजात राग नव्हता. उभ्याने दिवस काढलेल्या माणसाचा असतो तसा आवाज होता. "दमलेय मी. किती वर्षं फोन उशाला घेऊन झोपते. घरी झोपते जरा."

शेठने तिला थांबवायचा प्रयत्न केला, हे मला सांगितलं पाहिजे. महिना संपेपर्यंत रोज एकदा तो खोलीत जाऊन खुर्चीवर बसायचा आणि रिकामा परत यायचा. ताईने त्या दिवसांत बटणाला हात लावला नाही. ज्याला त्याला काय काय करायचं ते सांगून ठेवलं. मला म्हणाली, "लाल दिवा लागला तर आधी वायर बघा. मग कंपनीला फोन करा. मला करायचा नाय." मी मान हलवली. "वायर नीट बघा," ती म्हणाली. शेवटच्या दिवशी बायकांनी तिला निवडून बाजूला काढलेली, म्हणजे विमानाला न चालणारी, वाकडी भेंडी पिशवीभर दिली. ती पिशवी मांडीवर घेऊन ती जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसली.

त्यानंतर लेबल न थांबता चालू लागलं. सकाळपासून गाडीपर्यंत एकच कटकट. ऐकायची सवय झाली की ती ऐकूही येत नाही. मुकादमाला काही कामच उरलं नाही.

मग एका सकाळी, तीच वेळ असावी, काकूने हातमोजे काढले, क्रेट ओढला, पालथा घातला आणि बसली.

मी धावत गेलो. मला वाटलं, चक्कर आली. "काय झालं काकू?"

"लेबल थांबलं ना?"

"नाही हो. चालू आहे."

"चालू दे की."

शेजारच्या बाईने हातमोजे काढले. मग तिच्या पलीकडची. बघता बघता सगळं टेबल बसलं. पट्टा रिकामाच फिरत राहिला, प्रिंटर डब्याची वाट बघत हिरवा दिवा लावून बसला. केबिनचं दार उघडलं. शेठ बाहेर आला. हात मागे बांधले, टेबलांपर्यंत आला. या वेळी त्याने छताकडे बघितलं नाही, बायकांकडे बघितलं. काकूने त्याच्याकडे बघितलं आणि गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. शेठचा हात पट्ट्याच्या बटणाकडे गेला. त्याने पट्टा बंद केला आणि तो परत केबिनमध्ये गेला.

थोड्या वेळाने काकू टेबलाला धरून उठली. बाकीच्याही उठल्या. कुणी हाक मारली नव्हती. गाडी रोजच्या वेळेला निघाली, मी रोजच्यासारखा हात हलवला.

हे ताईला फोनवर सांगायचं नव्हतं. एकतर तिने फोन करायला मनाई केली होती, दुसरं म्हणजे मला तिचं तोंड बघायचं होतं. रविवारी मोटारसायकल काढली. किन्हवली सोडून विचारत विचारत तिचं घर गाठलं, तेव्हा दुपार कलली होती. पुढे पडवी, पडवीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. खाली खाटेवर ताई झोपलेली. कुशीवर, दोन्ही हात गालाखाली घेऊन, तोंड थोडं उघडं. फोन कुठे दिसत नव्हता. इतक्या वर्षांत मी तिला झोपलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि बघायचं कारणही नव्हतं, तरी ते मनात आलं.

तिची आई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला बघताच तिने आधी तोंडावर बोट ठेवलं. "उठवू नको रे. आत्ताच पडलीय."

मी कुजबुजत माझी ओळख दिली. आईने पाणी दिलं, चहा दिला. चहा ओततानाही तिने गाळणी भांड्याला आपटू दिली नाही. ताई एकदा कूस बदलून भिंतीकडे वळली. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. ती उठली नाही.

"काय सांगायचा होता का तिला?" आईने विचारलं. "उठली का सांगते."

एवढ्या लांबून मनात घोळवत आणलेलं सगळं मला एकदम फार मोठं वाटायला लागलं. "एवढंच सांगा," मी म्हणालो, "की बायका बसतात."

"कोण बायका?"

"आमच्याकडच्या. टेबलावरच्या."

आईने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "मंग बसू दे की," ती म्हणाली. "त्यात सांगाचा काय?"

मी कप खाली ठेवला, न वाजवता. माझी मोटारसायकल जुनी आहे, सुरू होताना ती अख्ख्या आळीला उठवते. म्हणून मी ती न्यूट्रलला टाकली आणि ढकलत निघालो. अंगणातून गल्लीत, गल्लीतून चढावर. मागे वळून बघितलं तर म्हातारी दारात उभी राहून हाताने खुणावत होती, अजून पुढे, अजून पुढे. माझा दम गेला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. मोठ्या रस्त्याच्या वळणावर, घर दिसेनासं झाल्यावरच, मी किक मारली.